उंबऱ्याआत अडकलेल्यांच्या दारात कोण जाणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी 1 ऑक्टोबरच्या सुमारास आपल्या अंकात ज्येष्ठ नागरिक दिनाच्या बातम्या येतात. सभागृह भरलेलं असतं, शाल-श्रीफळ होतं, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांचा सत्कार होतो. असे कार्यक्रम व्हायलाच हवेत, त्या निमित्तानं चार माणसं भेटतात. पण त्या फोटोत दिसणारी मंडळी कुणाच्या तरी गाडीवर बसून, रिक्षा करून, काठी टेकत का होईना, सभागृहापर्यंत पोचलेली असतात. मी रोज ज्यांच्या दारात उभी असते, ती माणसं या फोटोत कधी आलेली नाहीत, कारण ती घराबाहेरच पडत नाहीत. त्यांच्याविषयी हे पत्र. थोडं लांबलं आहे. जागा असेल तर न कापता छापावं, ही विनंती.

मी एका पतसंस्थेची पिग्मी एजंट. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ ही माझी लाइन. पिग्मी म्हणजे काय हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. 1928 साली उडुपीत, पुढं सिंडिकेट बँक म्हणून नावारूपाला आलेल्या बँकेनं घरोघरी जाऊन बचतीचे रोजचे दोन आणे गोळा करायला सुरुवात केली, तिथून हे काम चालत आलं आहे. दुकानदार आता बरेचसे मोबाईलवरून भरतात, त्यांच्याकडं रोज जावं लागत नाही. रोज रोखीनं भरणारे उरलेत ते बहुतेक सत्तरीच्या पुढचे. दहा रुपये, वीस रुपये. एका आजींचा मुलगा बंगळूरला असतो. दिवाळीला आला होता तेव्हा म्हणाला, "आई, हे मी महिन्याचं एकदम मोबाईलवरून भरत जाईन, ह्यांना रोज कशाला हेलपाटा?" आजी लगेच म्हणाल्या, "आणि मग ही कशाला यील माझ्या दारात?" त्यावर मुलाला काही बोलता आलं नाही. पिग्मी चालू राहिली.

अशा माणसांचा विषय निघाला की आपल्याकडं एकच कारण सांगतात: पोरं पुण्या-मुंबईला गेली, परदेशात गेली, म्हातारा-म्हातारी मागं राहिली. ते खरं आहे, पण अर्धंच. माझ्या लाइनमध्ये एक अक्का आहेत. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, एका खोलीत राहतात. त्यांच्या दारात कायम चपला पडलेल्या असतात. लोणच्याचा मसाला, बाळंतिणीचे डिंकाचे लाडू, कुणाच्या पोराला लागलेली दृष्ट, सगळं त्यांना विचारून. आणि दोन गल्ल्या सोडून एका तीन मजली घरात मुलगा, सून, दोन नातवंडं असताना एक आबा दिवस दिवस कुणाशी बोलत नाहीत. घरची माणसं वाईट नाहीत, हे मी मुद्दाम लिहिते. जेवण गरम मिळतं, गोळ्या वेळेवर मिळतात, डॉक्टर होतो. पण सून शाळेत नोकरीला, मुलगा गोकुळ शिरगावला शिफ्टला, नातवंडं क्लासला. रात्री सगळे जमले की टीव्ही. आबांना जेवायला मारलेली हाक हेच दिवसातलं मोठं बोलणं. तेव्हा घरात माणसं किती, यावरून बाहेरच्याला काही अंदाज येत नाही.

मग माणूस तुटतो कसा? मी जे डोळ्यांनी बघितलं तेवढंच सांगते.

एका बोळात, जुन्या घराच्या माडीवर एक तात्या राहतात. शिवाजी उद्यमनगरात फौंड्रीत मोल्डर, म्हणजे ओतकामाचे साचे करणारे होते, सगळा जन्म भट्टीपुढं गेला. पेन्शन म्हणजे 2014 पासून किमान हजार रुपये ठरलेली ती प्रॉव्हिडंट फंडाची पेन्शन, त्याच्या जरा वर. मुलगी लग्न होऊन नाशिकला, बायको कोरोनाच्या आधीच गेली. तरी तात्या एकटे नव्हते. रोज संध्याकाळी तालमीपुढच्या दगडी कट्ट्यावर त्यांची बैठक ठरलेली. फुटबॉलच्या हंगामात शाहू स्टेडियमवरची मॅच संपली की रात्री जेवणाची वेळ टळेपर्यंत कट्ट्यावर चर्चा, पेठेची टीम कुठं चुकली, कुणाला आत घ्यायला पाहिजे होतं. मग गल्लीत गाड्या वाढल्या. कट्ट्याला लागून मोटारसायकली उभ्या राहायला लागल्या. तरणी पोरं गाड्यांच्या मधनं वाट काढतात, नाहीतर सीटवरच बसतात. गुडघे झिजलेल्या माणसाला तसं आत शिरता येत नाही आणि उभं राहून तासभर बोलता येत नाही. तात्या काही दिवस भिंतीला टेकून उभे राहिले, नंतर यायचे थांबले. त्यांना येऊ नका असं कुणीही म्हटलेलं नव्हतं.

घरात बसल्यावर पाय आणखी आखडले. जिना लाकडी, उभा, धरायला कठड्याच्या जागी दोरी. एकदा पाय सटकून दोन पायऱ्या घसरले. लागलं फारसं नाही, पण मुलीनं फोनवर शपथ घातली, आता खाली उतरायचं नाही. तेव्हापासून तात्यांची पिग्मी पिशवीतनं खाली येते. मी बोळातनं हाक मारते, वरची खिडकी उघडते, दोरीला बांधलेली कापडी पिशवी हळूहळू खाली सरकते. आत वीसची नोट आणि पिशवी वाऱ्यानं फिरू नये म्हणून वजनाला फौंड्रीतला एक लोखंडी तुकडा. मी नोट घेते, मशीनवरची पावती आत ठेवते, पिशवी वर जाते. पेपरवाला, भाजीवाली, सगळ्यांशी व्यवहार त्या पिशवीतनंच. खालून-वरनं जे बोलणं होतं त्यात मधेच एखादी गाडी गेली की निम्मं ऐकू येत नाही. वेळ असला की मी वर जाते. गेल्या गेल्या ते पावत्यांचा गठ्ठा दाखवतात, तारखेप्रमाणं लावलेला, वर रबर. मग स्वतः चहा ठेवतात आणि तो होईपर्यंत मला उठू देत नाहीत. बोलायला लागले की थांबत नाहीत. पूर्वी कट्ट्यावर ते कमी बोलणाऱ्यांतले होते.

यात दोष कुणाला द्यायचा? मुलीची काळजी खरी आहे. पोरांनाही गाड्या लावायला दुसरी जागा नाही. पण आधी बसायची जागा गेली, त्यामुळं चालणं गेलं, चालणं गेल्यामुळं जिना गेला. डॉक्टर सांगतात की वापर थांबला की मांडीचे स्नायू झिजतात आणि पडायची नुसती भीती होती ती खरी व्हायला लागते. म्हणजे जपण्यासाठी घरात बसवलेला माणूस उलट जास्त पडायला येतो. माझ्या लाइनमधल्या निम्म्या माणसांना घरच्यांनी मायेपोटीच बसवून ठेवलं आहे.

कान जाणं हे तर कुणी आजारात धरतच नाही. एक आजी वर्षानुवर्षं भजनी मंडळात होत्या, आवाज खणखणीत. ऐकू कमी यायला लागल्यावर त्यांची ओळ मागं-पुढं व्हायला लागली. कुणीतरी काहीतरी विचारायचं, त्या भलतंच उत्तर द्यायच्या, बायका हसायच्या. बायकांच्या मनात वाईट नव्हतं, पण आजींना ते लागलं. पाय दुखतोय असं सांगून जायचं बंद केलं. घरी तर त्यांचं डोकं आता चालत नाही असाच समज झाला होता. सुनेनं कानाच्या डॉक्टरांकडं नेलं तेव्हा कळलं की डोकं चांगलं शाबूत आहे, आवाज पोचत नाही. ऐकू कमी येणं आणि माणसांत मिसळणं थांबणं, या दोन्ही गोष्टी स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवतात. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं 2024 मध्ये टाळता येण्याजोग्या 14 कारणांत त्यांची नोंद केली आहे. म्हणजे चेष्टेवर नेलेला बहिरेपणा पुढं किती महागात पडू शकतो ते बघा. कानाचं मशीन आणून दिलं की काम झालं असंही नाही. पहिल्या दिवशी कुकरची शिट्टी, मिक्सर, भांडी, सगळं एकदम कानावर आदळतं. सवय व्हायला आठवडे लागतात, सेटिंग बदलून घ्यायला पुन्हा पुन्हा जावं लागतं. नेणारं कुणी नसतं, मग मशीन डबीत आणि डबी कपाटात. कितीतरी घरांत मी ती डबी बघितली आहे. या आजींची सून चिकाटीची म्हणून त्या परत मंडळात बसायला लागल्या, सगळ्यांच्या नशिबी तशी सून नसते.

आणखी एक गोष्ट बायका बायकांतच बोलतात. ती मी इथं लिहिते, कारण कुणीतरी उघड लिहिल्याशिवाय तिची दखल घेतली जाणार नाही. वय झालं की लघवी धरवत नाही. शिंक आली, खोकला आला तरी लुगडं ओलं होतं. आमच्या पेठेतल्या कितीतरी जणींचा अंबाबाईच्या दर्शनाचा नेम होता, शुक्रवारची पालखी चुकवायच्या नाहीत. तिथं देवीही भेटायची आणि मैत्रिणीही भेटायच्या. आता बाहेरगावच्या भाविकांची गर्दी वाढली. देवी सगळ्यांची आहे, त्यांनी यावंच. पण रांगेत उभं राहायचं म्हणजे मधेच जायचं कुठं? एक जण मला म्हणाल्या, "देवळाला जायचं असलं की मी सकाळधरनं पाणीच पीत न्हाई." कडक उन्हात पाण्याविना गेल्यावर चक्कर येते, एकदा चक्कर आली की घरचे पाठवत नाहीत. नेम सुटला. वास्तविक यावर व्यायाम आहेत, औषधं आहेत, डॉक्टरला सांगायला लाजण्याचं कारण नाही. आणि गावात जिथं म्हणून माणसं जमतात तिथं स्वच्छ, कमोड असलेलं आणि उठताना धरायला दांडी असलेलं स्वच्छतागृह असलं तर या बायका पुन्हा बाहेर पडतील, याची मला खात्री आहे.

विधवा बायकांचं दुःख याहून वेगळं. मी स्वतः विधवा आहे, त्यामुळं हे परक्याचं म्हणून लिहीत नाही. नवरा असेपर्यंत जिला गल्लीत प्रत्येक डोहाळजेवणाला, बारशाला, संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला बोलावणं असतं, तिचं बोलावणं तेराव्यानंतर बंद होतं. भांडण होत नाही, अपमान होत नाही, फक्त बोलावणं येत नाही. बायकांचं एकमेकींकडं जाणं-येणं अशा निमित्तांवरच चालतं. निमित्त गेलं की जाणं गेलं. आपल्याच जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनी त्याचा कित्ता गिरवावा म्हणून परिपत्रक काढलं. साऱ्या महाराष्ट्रानं हेरवाडचं नाव घेतलं. आमच्या पेठांतल्या महिला मंडळांनी येत्या संक्रांतीला ते मनावर घ्यावं. वाण कुणाला द्यायचं याची यादी करताना गल्लीतली प्रत्येक बाई त्यात धरावी, कुंकू कुणाला लावायचं ते तिथं बसून ठरवता येईल.

पुरुषांची तऱ्हा अशी की त्यांच्या ओळखी कामावरच्या किंवा कट्ट्यावरच्या. शेजाऱ्याच्या घरात जाऊन बसायची त्यांना सवय नसते, सुनेपुढं आपलं मन मोकळं करायची तर नाहीच. बायको गेली की नातेवाइकांचे फोनसुद्धा कमी होतात, कारण ते सगळे तिलाच यायचे. आणि आता पोलीस असल्याचं सोंग करून फोनवर पैसे उकळणाऱ्या 'डिजिटल अरेस्ट'च्या बातम्या वाचून भ्यालेले कितीतरी जण अनोळखी नंबर उचलतच नाहीत. सावध राहणं बरोबर आहे, पण त्यात जुन्या मित्राचा बदललेला नंबरही वाजून वाजून बंद होतो.

हे सगळं भावनेचं म्हणून कुणी बाजूला सारू नये. जागतिक आरोग्य संघटनेनं जून 2025 मध्ये जो अहवाल दिला त्यात जगातल्या दर सहांपैकी एक माणूस एकाकीपणानं ग्रासलेला असल्याचं म्हटलं आहे आणि त्यापायी वर्षाला सुमारे 8 लाख 71 हजार मृत्यू होतात असा अंदाज दिला आहे. हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह, या सगळ्यांचा धोका त्यानं वाढतो. मला त्यातली एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटली: तरुण पोरापोरींत हे प्रमाण म्हाताऱ्यांपेक्षाही जास्त आहे. एकाच घरात वरच्या खोलीत नातू आणि खालच्या खोलीत आजोबा, दोघंही तसेच, हे चित्र मी रोज बघते.

आता काय करावं, याविषयी. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर मोजलं जातं. 39 फूट इशारा, 43 फूट धोका, हे आपल्याकडं लहान पोरालाही पाठ असतं. माणसाचं तुटणं मोजायला अशी पट्टी नाही, पण रोज दारात जाणाऱ्याला खुणा कळतात. पेपर दुपारपर्यंत दारातच पडलेला. अर्धा लिटर दूध घेणारा पाव लिटरवर आलेला. दाढी वाढलेली, सणाला दारात रांगोळी नाही. हाक मारल्यावर दार उघडायला नेहमीपेक्षा जास्त वेळ. गप्पा मारणारी बाई नुसते पैसे हातावर ठेवून आत वळते. या खुणा मला कळतात, दूधवाल्याला कळतात, पेपर टाकणाऱ्या पोराला कळतात. पण कळल्यावर सांगायचं कुणाला?

माझं उत्तर आहे: तालमीला आणि तरुण मंडळाला. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या महापुरात याच पोरांनी पाण्यातनं म्हाताऱ्या माणसांना पाठीवर घेऊन बाहेर काढलं, जेवणाची पाकिटं पोचवली, औषधं शोधून आणली. कुणी सांगावं लागलं नाही. ती ताकद आणि ती माया या गावात आहे, म्हणून मी एवढ्या आशेनं लिहिते. पुराच्या वेळी जे एका रात्रीत झालं ते कोरड्या दिवसांत आठवड्यातनं एक तास व्हावं. प्रत्येक मंडळानं आपल्या गल्लीपुरतं बघावं, घरातनं बाहेर न पडणारं कोण आहे. दोघा-दोघांनी जाऊन बसावं. चौकशीसाठी गेल्यासारखं जाऊ नये, काहीतरी विचारायला जावं. तात्यांकडं साच्याची वाळू कशी भिजवायची हे विचारा, दोन तास कसे जातात कळणार नाही. मॅचच्या दिवशी चार जणांनी खुर्चीसकट खाली आणावं, मॅच मोबाईलवर लावून कट्ट्यावर बसवावं. आणि सगळ्यात सोपं म्हणजे संध्याकाळी चार ते सात कट्ट्यापुढं गाडी लावायची नाही, हा नियम मंडळानं स्वतः करावा. त्याला ना निधी लागतो ना ठराव. कट्टा नसेल तिथं गणेशोत्सवाच्या वर्गणीतनं पाठ टेकता येईल अशी दोन बाकं घ्यावीत.

सरकारनं काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. एसटीचा प्रवास 75 वर्षांवरच्यांना 2022 पासून मोफत आहे, मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरच्या गरजूंना चष्मा, कानाचं मशीन, काठी, कमोडची खुर्ची अशा वस्तूंसाठी एकदा 3000 रुपये ठरले आहेत, 14567 ही ज्येष्ठांसाठीची मोफत हेल्पलाइन सकाळी आठ ते रात्री आठ चालते. पण एसटी स्टँडवर जायला आधी जिना उतरावा लागतो. फॉर्म भरायला आणि फोन लावायलाही शेजारी कुणीतरी बसलेलं लागतं.

संपादक महाशय, आपल्याकडंही एक मागणं आहे. मी जिथं जिथं जाते तिथं दिवसातला पहिला पाहुणा आपला पेपर असतो आणि तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला जातो. आठवड्यातनं एकदा, शक्यतो सोमवारी, पेठेप्रमाणं एक चौकट छापावी: या आठवड्यात भजन कुठं आहे, कीर्तन कुठं, मोफत डोळे-कान तपासणी कुठं, तिथं चढायला किती पायऱ्या आहेत, बसायला खुर्ची आणि स्वच्छतागृह आहे का. अक्षर मोठं ठेवावं. पायऱ्या आणि स्वच्छतागृहाचं लिहायला विसरू नये, कारण जायचं की नाही हे त्यावरच ठरतं.

मंडळांना एक सूचना. गल्लीत एकटं कोण राहतं याची यादी केलीत तर ती वहीत लिहा आणि वही मंडळातल्या एका जबाबदार माणसाकडं ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नावं, पत्ते, फोटो टाकू नका. ती यादी चोराच्या हाती पडायला वेळ लागत नाही. नाव लिहिण्याआधी त्या माणसाला विचारा, घरात मुलगा-सून असतील तर त्यांनाही विचारा. नको म्हणालं तर आग्रह करू नका, आठवड्यानं पुन्हा जा. आणि पहिल्यांदा जाताना गल्लीतला रोज येणारा माणूस बरोबर घ्या, म्हणजे दार लवकर उघडेल. आमच्या भागातल्या मंडळांनी बोलावलं तर वसुली आटोपून सायंकाळी सहानंतर मी यायला तयार आहे.

आपली,
एक पिग्मी एजंट,
मंगळवार पेठ, कोल्हापूर
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)